मयताचे ठिकाण

पेटी पत्र्याची. लाखेचे सील तीन ठिकाणी.
मुंबईच्या शिपिंग मास्तरच्या कचेरीतून
जळगावपर्यंत आगगाडीने, पुढे चोपड्याला खटाऱ्यावर.
उखर्डू शिपायाने ती माझ्या टेबलावर ठेवली
आणि सोग्याला हात पुसले, दोनदा.
वास गंधकाचा, पण दिवाळीचा नव्हे.
काहीतरी मारून झाल्यानंतरचा.

यादी मीच मोठ्याने वाचली; वारसाला अक्षर येत नाही.
रुबाब दलशेर तडवी, बॉयलरवरचा आगवाला, वय अदमासे चोवीस.
पत्र्याचा मग, एक.
पायजमे, दोन.
साबणाची वडी, अर्धी.
देवी टोचल्याचा दाखला, पोर्टच्या डॉक्टरच्या सहीचा.
घोंगडी, एक; आणि तिच्यापुढे तांबड्या शाईत :
जाळली. आरोग्य खात्याच्या हुकमावरून. भरपाई नाही.

नुराबाई तोवर उंबऱ्याशी गप्प उभी होती.
घोंगडीपाशी तिने मान वर केली.
धनगराला एक पाठ दिली होती तिच्या बदल्यात, गाभण.

मग हिशोब. पाच महिने सहा दिवस, दरमहा सोळा.
वजा आगाऊ उचल बत्तीस,
वजा तंबाखू आणि साबण, चार रुपये अकरा आणे.
बाकी सेहेचाळीस रुपये आठ आणे.
मी तीन वेळा रुजवात घेतली. बरोबर होता.

अडलं ते नमुन्याच्या चौथ्या रकान्याला.
मयताचे ठिकाण : गाव, तालुका.
कागदावर नुसते आकडे होते,
बारा अंश छेचाळीस कला उत्तर, पंचेचाळीस अंश पूर्व.
अशी शिव मी कुठल्या नकाशात मोजलेली नाही.
तीस वर्षं सरकारी चाकरी,
बांधावरून, विहिरीवरून, आंब्याच्या एका फांदीवरून
भांडणारी माणसं पाहिली;
समुद्र पाहिला नाही.

तरी सांगत गेलो. बोटीवर ताप निघाला, बाई.
एडन बंदराबाहेर उभी केली तिला, अकरा दिवस,
डोलकाठीवर पिवळं निशाण.
किनारा दिसत होता म्हणे, रात्री दिवेसुद्धा.
कुणाला उतरू दिलं नाही,
कुणी वर चढलं नाही, डॉक्टर सोडून.

मला वाटलं, हिला काय कळणार.
ती म्हणाली, ‘गावबाहेर झोपडीमा ठेवं त्याले.’
विचारलं नाही. सांगितलं.
आणि मला प्लेगचं साल आठवलं,
दारावरची गेरूची फुली,
शेतात ठोकलेले तट्ट्यांचे छप्पर,
आणि त्यात माझा धाकटा भाऊ,
ज्याला मी बांधावरून भाकरी फेकत असे.
मी दौतीचं झाकण उघडलं, परत लावलं.

‘माती?’
पाण्यात, बाई.
बराच वेळ ती पेटीकडे बघत राहिली. मग,
‘तापीनं पानी तठे जास का?’
जातं, मी म्हटलं. सुरतेपाशी शिरतं समुद्रात.
पुढचं मला ठाऊक नव्हतं, ते बोललो नाही.

अंगठा दिला. पैसे मोजून पदरात बांधले.
मग आणि पायजमे घेतले. दाखला उलटासुलटा पाहिला,
शिक्क्यावरून बोट फिरवलं,
तोही कंबरेला खोचला.
साबण तेवढा टेबलावर ठेवून गेली.
तिच्याकडे राख असते त्या कामाला.

चौथ्या रकान्यात मी लिहिलं : तापी नदीच्या पुढे.
रावसाहेबांनी ते खोडलं,
वर लिहिलं, ‘परमुलुख’,
आणि ठिकाण म्हणजे ठिकाण, कविता नव्हे,
असं मला चारचौघांत ऐकवलं.

साबणाला रकाना नव्हता.
तो आठ दिवस दौतीशेजारी पडून होता.
नवव्या दिवशी कचेरीमागच्या विहिरीवर
बोटांची शाई धुवायला घेतला.
आमचं पाणी जड, मचूळ; डाळ शिजत नाही त्यात,
बाजारच्या साबणाची नुसती कवडी होते.
पण हा खाऱ्या पाण्यासाठीच केलेला असावा.
असा फेस आला, असा,
मनगटापर्यंत, कोपरापर्यंत,
की उखर्डू पोहरा धरून तसाच उभा राहिला
आणि मीही हात पाण्याखाली धरेना.